घरात उरकलेला बाप्तिस्मा : मूल खरोखरच मरणाच्या दारात असे का?

दप्तरवाचक :

इंग्लंडमधल्या पॅरिश चर्चच्या, म्हणजे गावोगावच्या स्थानिक चर्चच्या, जुन्या नोंदवह्या आता घरबसल्या वाचता येतात, आणि वंशावळीचा नाद असलेल्या कोणालाही त्यांत एक गोष्ट हमखास आढळते. बाप्तिस्म्याच्या काही नोंदींशेजारी समासात ‘प्रायव्हेट’ हा शब्द, बहुधा आखडून, लिहिलेला असतो, आणि त्याच मुलासमोर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी मंडळीत, म्हणजे चर्चच्या समुदायात, स्वीकारल्याची दुसरी तारीख पडलेली असते. बाप्तिस्मा आधी घरी झाला आणि मूल चर्चमध्ये नंतर आले, इतके त्यावरून कळते. घरी का झाला, हे पाळक क्वचितच लिहून ठेवतो. याचे ठरलेले उत्तर असे की मूल जगेल याची खात्री नव्हती. सोळाव्या आणि सतराव्या शतकांच्या बऱ्याच भागाला हे उत्तर लागू पडते, परंतु अठराव्या शतकातल्या खाऊनपिऊन सुखी घरांना ते सरसकट लावणे मला पटत नाही, आणि त्यासाठीच हा धागा काढला आहे.

आधी नियम पाहू. चर्च ऑफ इंग्लंड या तिथल्या राजमान्य चर्चच्या १५४९च्या पहिल्या प्रार्थनापुस्तकापासून घरी करायच्या बाप्तिस्म्याचा स्वतंत्र विधी दिलेला आहे. पाळकांनी लोकांना वारंवार बजावावे, मोठ्या व रास्त कारणाशिवाय बाप्तिस्मा लांबवू देऊ नये आणि तशाच गरजेशिवाय तो घरी करवून घेऊ देऊ नये, अशी ताकीद त्याच्या आरंभीच आहे. १६६२च्या आवृत्तीने लांबवण्याची मर्यादा जन्मानंतरचा पहिला किंवा दुसरा रविवार अशी घातली. घरचा विधी अगदी आटोपशीर होता. सवड असेल तेवढ्या प्रार्थना, मुलाचे नाव, पाणी आणि ‘पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने’ हे शब्द, एवढ्यात तो पुरा होई. धर्ममातापित्यांची त्यात गरज नव्हती. मूल वाचले तर त्याला चर्चमध्ये आणायचे, धर्ममातापित्यांनी त्याच्या वतीने वचने द्यायची, पाळकाने कपाळावर क्रूसाची खूण करायची. पाणी मात्र पुन्हा घालायचे नाही, कारण बाप्तिस्मा एकदाच होतो.

आता तीन ठळक उदाहरणे घेऊ. कोशकार सॅम्युएल जॉन्सन सप्टेंबर १७०९मध्ये लिचफील्डच्या बाजारचौकातल्या घरात जन्मला. बाळंतपण अवघड गेले होते आणि मूल बराच वेळ रडले नाही, म्हणून सेंट मेरीज चर्चच्या पाळकांना घरी बोलावून त्याच दिवशी बाप्तिस्मा करून घेतला. हे चर्च त्याच चौकात आहे, त्यामुळे अंतराचा प्रश्नच नव्हता. पुढे राजा झालेला तिसरा जॉर्ज जून १७३८मध्ये लंडनच्या नॉरफोक हाउसमध्ये दोन महिने आधी जन्मला आणि तो वाचेल असे कोणालाच वाटेना, तेव्हा टॉमस सेकर या बिशपांनी त्याच दिवशी त्याचा बाप्तिस्मा केला. तिसरे उदाहरण जेन ऑस्टिनचे. तिचा जन्म १६ डिसेंबर १७७५चा. तिचे वडील स्वतः स्टीव्हन्टनचे रेक्टर, म्हणजे तिथल्या पॅरिशचे पाळक, होते; त्यांनी दुसऱ्याच दिवशी तिचा घरी बाप्तिस्मा केला, आणि चर्चमध्ये तिला नेले ते ५ एप्रिल १७७६ रोजी. वडिलांनी १७ डिसेंबरला नातलगांना लिहिलेले पत्र उपलब्ध आहे आणि त्याचा सूर अगदी खुशीचा आहे; थोरलीला आता खेळायला बाहुली आणि पुढे सोबत मिळाली, असे ते म्हणतात. मरणाची भीती असलेल्या घरातले ते पत्र वाटत नाही.

पहिल्या दोन नोंदी आणि ही तिसरी नोंदवहीत सारख्याच दिसतात. कारणे मात्र वेगळी आहेत. अशी आणखी कोणती कारणे सभासदांच्या वाचनात आहेत?

चिंचपान :

सुईणीला विसरून या विषयाकडे पाहता येणार नाही, कारण १६०४पूर्वी घरच्या बाप्तिस्म्याला पाळक लागतच असे असे नव्हते. ऐन संकटात हजर असलेल्यांपैकी कोणीही, म्हणजे व्यवहारात बहुतेक वेळा सुईणीने, पाणी घालून ठरलेले शब्द उच्चारले तरी बाप्तिस्मा पक्का मानला जाई. त्यामुळेच सुईणींना परवाना देण्याचे काम बिशपांकडे होते. १५६७मध्ये कँटरबरीचे आर्चबिशप मॅथ्यू पार्कर यांनी एलिनर पीड या सुईणीला परवाना दिला, तेव्हा तिने घेतलेल्या शपथेचा मजकूर टिकून आहे. बाप्तिस्म्याच्या वेळी रूढ शब्दच वापरीन, पाणी स्वच्छ व शुद्ध घेईन, गुलाबपाणी किंवा तसले सुगंधी पाणी घेणार नाही, आणि झाल्या गोष्टीची खबर पॅरिशच्या पाळकाला देईन, असे तिने कबूल केले आहे. गुलाबपाण्याची मनाई मुद्दाम करावी लागली, यावरून तसे करणारी घरे होती हे उघड आहे.

सुईणीने हे काम करावे हे प्युरिटन, म्हणजे चर्चमध्ये कडक सुधारणा मागणाऱ्या, मंडळींना मुळीच मान्य नव्हते. जानेवारी १६०४मध्ये हॅम्प्टन कोर्ट येथे राजा पहिल्या जेम्ससमोर या प्रश्नाची चर्चा झाली आणि त्यानंतर प्रार्थनापुस्तकात दुरुस्ती होऊन घरचा बाप्तिस्मा ‘कायदेशीर पाळकाने’ करावा असे ठरले. माझा तर्क असा की समासातल्या ‘प्रायव्हेट’ नोंदी वाढण्याचे एक कारण येथे आहे. सुईणीचा बाप्तिस्मा वहीत येईलच असा नेम नव्हता, पण पाळक स्वतः घरी जाऊन आला की त्याच्या वहीत तो उतरण्याची शक्यता किती तरी वाढते.

घरी झालेल्या विधीची नंतर कसून चौकशी होई, हेही नोंदवण्यासारखे आहे. मूल चर्चमध्ये आणल्यावर पाळक विचारी : बाप्तिस्मा कोणाच्या हातून झाला, कोण हजर होते, काय वापरले, कोणते शब्द उच्चारले? घाबरलेल्या बायकांना शब्द धड आठवत नसतील तर सशर्त विधी होई, म्हणजे ‘तुझा बाप्तिस्मा आधी झाला नसेल, तर मी तुझा बाप्तिस्मा करतो’ असे म्हणून पाणी घातले जाई.

मीमांसक :

धागाकर्त्यांनी भीतीचे कारण जरा घाईने मागे सारले आहे असे मला वाटते. त्या काळच्या इंग्लंडमध्ये हजारी दीडशे ते दोनशे मुले पहिल्या वाढदिवसाआधी दगावत, आणि त्यांतली पुष्कळशी पहिल्याच महिन्यात. आजारी दिसणाऱ्या मुलाचीच काळजी घरच्यांना असे असे नाही. सकाळी ठणठणीत असलेले मूल रात्री जाऊ शकते हे प्रत्येक घराला ठाऊक होते. म्हणून जेन ऑस्टिनच्या वडिलांचे पत्र खुशीचे आहे एवढ्यावरून त्यांना भीती नव्हती असे ठरत नाही.

शिवाय भीती मृत्यूची होती तितकीच दफनाचीही होती. १६६२च्या प्रार्थनापुस्तकात दफनविधीच्या आधी स्पष्ट सूचना आहे की बाप्तिस्मा न झालेल्या, मंडळीतून बहिष्कृत झालेल्या आणि आत्महत्या केलेल्या व्यक्तींसाठी हा विधी वापरू नये. दोन दिवसांचे तान्हे मूल या यादीत बसते. त्याला प्रार्थनेवाचून, बहुधा अंधार पडल्यावर, मातीआड करावे लागणे हा आईबापांना परलोकाच्या चिंतेइतकाच बोचणारा प्रकार होता, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना तो दिसत असे. याच पुस्तकाने बाप्तिस्मा होऊन वारलेल्या तान्ह्या मुलांचे तारण निश्चित आहे असे सांगितले आणि बाप्तिस्मा न झालेल्यांबद्दल मौन पाळले. सामान्य माणसाने त्या मौनाचा अर्थ काय लावला असेल हे सांगायला नको.

दफनाचा हा प्रश्न कोर्टापर्यंत गेला. चर्च ऑफ इंग्लंडबाहेरच्या एका स्वतंत्र पंथाच्या पाळकाने बाप्तिस्मा केलेल्या मुलाचे दफन करायला रटलंडमधल्या एका रेक्टरने नकार दिला, तेव्हा १८०९मध्ये न्यायाधीश सर जॉन निकोल यांनी निकाल दिला की पाणी आणि शब्द योग्य असतील तर बाप्तिस्मा कोणी केला हे पाहून दफन नाकारता येणार नाही. तरीही लिंकनशरमधल्या गेडनीच्या व्हिकरने, म्हणजे तिथल्या पाळकाने, मेथडिस्ट या दुसऱ्या पंथातल्या कुटुंबाच्या मुलाबाबत तोच हट्ट धरला, आणि १८४२मध्ये प्रिव्ही कौन्सिल या वरिष्ठ न्यायपीठापर्यंत जाऊन तो हरला. कुटुंबे इतकी वर्षे कज्जे लढत राहिली, त्या अर्थी दफनाचे महत्त्व कमी लेखता येणार नाही.

वाटसरू :

स्कॉटलंडमध्ये नेमके उलटे चित्र दिसते, तेही येथे यावे. तिथल्या प्रेस्बिटेरियन, म्हणजे बिशपांची सत्ता न मानणाऱ्या प्रॉटेस्टंट, मंडळींचा आक्षेप असा की पाण्याच्या घाईमुळे तारण पाण्यावर अवलंबून आहे असे लोक मानू लागतात. बाप्तिस्मा मंडळीसमोर, प्रवचनासोबतच व्हावा. सहाव्या जेम्सने, म्हणजे इंग्लंडच्या पहिल्या जेम्सनेच, १६१८मध्ये पर्थ येथे पाच कलमे मंजूर करवून घेतली आणि त्यांत गरजेपुरता घरचा बाप्तिस्मा मान्य करायला लावला. त्याविरुद्ध इतका असंतोष माजला की १६३८मध्ये ग्लासगोच्या महासभेने ही कलमे धुडकावली. एकाच राजाने एका राज्यात सुईणीचा हात काढून घेतला आणि दुसऱ्या राज्यात घराचे दार उघडले, हा विरोधाभास मला मजेशीर वाटतो.

दप्तरवाचक :

मीमांसक, दफनाचा मुद्दा बिनतोड आहे. मात्र सतराव्या शतकाच्या मध्यावर घराचे दार बंद करून बाप्तिस्मा करण्यामागे आणखी एक कारण होते, आणि त्यात मुलाच्या प्रकृतीचा काडीचाही संबंध नव्हता.

यादवी युद्धाच्या काळात, १६४५मध्ये, पार्लमेंटने जुने प्रार्थनापुस्तक बंद करून त्याजागी नवी उपासनापद्धती आणली. तिच्यात बाप्तिस्मा घरी करू नये, मंडळीसमोरच करावा असा नियम होता, क्रूसाची खूण नव्हती आणि धर्ममातापितेही नव्हते. त्याच वर्षी जुने पुस्तक वापरणाऱ्यास, मग तो घरातल्या घरात वापरत असला तरीही, पहिल्या वेळी ५ पौंड, दुसऱ्या वेळी १० पौंड दंड आणि तिसऱ्या वेळी वर्षभर कैद अशी शिक्षा ठरली. ज्या कुटुंबांना आपल्या मुलाचा बाप्तिस्मा जुन्या पद्धतीनेच हवा होता त्यांना आता चर्चमध्ये तो मिळणे शक्य नव्हते. दैनंदिनीकार जॉन एव्हलिन यांनी हे सरळ लिहून ठेवले आहे. १६५२पासून त्यांना मुले झाली तेव्हा डेटफर्डजवळच्या सेज कोर्ट या आपल्या घरी त्यांनी एल्टमचे पदच्युत पाळक ओवेन यांना बोलावले आणि स्वतःच्या ग्रंथसंग्रहाच्या खोलीत बाप्तिस्मा करवून घेतला. पॅरिशच्या पाळकाला चर्च ऑफ इंग्लंडच्या रीतीने विधी करण्याची छाती नव्हती, हे कारणही त्यांनी दिले आहे. पुस्तकांच्या कपाटांमध्ये, विश्वासातल्या चार माणसांसमोर झालेला हा बाप्तिस्मा प्रार्थनापुस्तकाला अभिप्रेत असलेल्या गरजेत कुठेच बसत नाही.

कॅथलिक कुटुंबांची अडचण याहून जुनी आणि अधिक कठीण होती. १६०६च्या कायद्याने चर्च ऑफ इंग्लंडच्या उपासनेला न जाणाऱ्या कॅथलिकांवर अशी सक्ती केली की मुलाचा बाप्तिस्मा महिन्याच्या आत कायदेशीर पाळकाकडून करून घ्यावा, अन्यथा १०० पौंड दंड. त्या काळात ही रक्कम चांगल्या खात्यापित्या घराचेही कंबरडे मोडणारी होती. तरी लपूनछपून वावरणारा कॅथलिक धर्मगुरू रात्री येऊन घरी बाप्तिस्मा करून जाई, आणि पॅरिशच्या पाळकाला मूल अशक्त होते म्हणून बाप्तिस्मा घरीच झाला असे सांगता येण्याची सोय होती. काही पाळक शेजारधर्म म्हणून पुढे चौकशी करत नसत.

अंगणवेल :

वरच्या सगळ्या चर्चेत मुलाची आई कुठेच नाही. बाप्तिस्मा पहिल्या-दुसऱ्या रविवारी व्हायचा म्हटल्यावर बाळंतीण त्याला हजर राहूच शकत नसे. सुखवस्तू इंग्रज घरांतही साधारण महिनाभराची सुवेर पाळली जाई आणि चर्चमध्ये जाऊन आभारविधी केल्यावरच बाई बाहेर पडे. मूल सुईण आणि धर्ममातापिता यांच्या हातून चर्चमध्ये जाऊन येई आणि आई अंथरुणावर. घरी बाप्तिस्मा केला की तो तिच्या डोळ्यांदेखत होई. आणि पुढे मंडळीत स्वीकारण्याची तारीख सुवेर संपल्यानंतर ठेवली की तिला तिथेही जाता येई. दोन्ही तारखांमध्ये महिना-सव्वा महिन्याचे अंतर दिसले तर मी सर्वांत आधी या कारणाचा विचार करीन.

दुसरे कारण धर्ममातापित्यांचे. बड्या घरांना ते तोलामोलाचे हवे असत आणि ते दूरदूर राहत. तिसऱ्या जॉर्जचेच पाहा. जन्माच्या दिवशी बाप्तिस्मा झाला आणि महिनाभराने नॉरफोक हाउसमध्येच समारंभ झाला. त्याचे धर्ममातापिता म्हणजे स्वीडनचा राजा, साक्स-गोथाचा ड्यूक आणि प्रशियाची राणी. तिघांपैकी एकही जण आला नाही, सगळ्यांच्या वतीने प्रतिनिधी उभे राहिले. पहिला विधी मुलासाठी होता, दुसरा दरबारासाठी. आणि तो दुसरा ‘जाहीर’ विधीसुद्धा घरातच झाला, हे लक्षात घेतले म्हणजे नियम कोणासाठी किती ताणला जात होता ते कळते.

अठराव्या शतकात लंडनच्या उच्चभ्रू घरांनी हेच उचलले. संध्याकाळी दिवाणखान्यात निवडक पाहुणे, पाळकाला चांगली दक्षिणा आणि नंतर मेजवानी, असा थाट रूढ झाला. चर्चच्या थंड दगडी कुंडापाशी मोलमजुरांच्या मुलांच्या रांगेत आपले मूल न्यायचे कशाला, ही त्यामागची भावना लपत नाही. संकटासाठी ठेवलेली सवलत श्रीमंतांनी प्रतिष्ठेची खूण करून टाकली, असे माझे स्पष्ट मत आहे. गरिबांना उलट कारणाने घरचा विधी सोयीचा होता : धर्ममातापिता शोधायला नकोत, चार माणसांना खाऊपिऊ घालायला नको.

मीमांसक :

आईचा मुद्दा मला सुचला नव्हता आणि तो पटतो. थंडीचा मुद्दा मात्र भावनेवर ढकलू नये. १७७६च्या जानेवारीत दक्षिण इंग्लंडमध्ये कमालीचा कडाका पडला होता, तेव्हा एप्रिलपर्यंत मूल चर्चमध्ये न नेणे हे निव्वळ शहाणपण होते. फ्रान्समध्ये तर नवजात मुलाला जन्मनोंदीसाठी नगरकचेरीत घेऊन जावे लागे. १८२९मध्ये व्हिलेर्मे आणि मिल्न-एडवर्ड्स यांनी थंडीचा आणि तान्ह्या मुलांच्या मृत्यूचा संबंध दाखवून या नेण्याआणण्याकडे बोट दाखवले.

करापायी लोक घरी बाप्तिस्मा करत, असेही कोणी सांगते, पण त्यात फारसा दम नाही. ऑक्टोबर १७८३पासून १७९४पर्यंत बाप्तिस्म्याच्या प्रत्येक नोंदीवर ३ पेन्स कर होता, परंतु पॅरिशच्या मदतीवर जगणाऱ्यांना तो माफ होता आणि श्रीमंतांना तो जाणवण्याइतका नव्हता. मधल्या कष्टकरी घरांना तो टोचला असेल, एवढे मान्य करतो. नोंदीसाठी पाळक आणि कारकून जे पैसे मागत त्याचा जाच अधिक होता. ही मागणी कायद्याने बंद झाली ती थेट १८७२मध्ये.

वसईचा वारा :

आम्हा कॅथलिकांकडे घरचा स्नानसंस्कार, म्हणजे बाप्तिस्माच, हा विषय अजून इतिहासजमा झालेला नाही. प्राण संकटात असेल तर योग्य हेतूने कोणीही, अगदी ख्रिस्ती नसलेली व्यक्तीसुद्धा, तो देऊ शकते, हे कॅथलिक चर्चच्या १९८३च्या धर्मविधिसंहितेतही कायम आहे. त्यामुळे मागच्या शतकांतली कॅथलिक कुटुंबे सुईणीवर एवढी भिस्त का ठेवत हे आम्हाला वेगळे समजावून द्यावे लागत नाही. ती वेळेवर पोहोचली नाही तर काय होई, याचे एक विदारक उदाहरण स्वित्झर्लंडमधल्या बर्नजवळच्या ओबरब्यूरेनचे आहे. पंधराव्या शतकात लोक मृत जन्मलेली मुले लांबलांबून तिथल्या मारियेच्या तीर्थस्थानी आणत, त्यांना निखाऱ्यांजवळ ऊब देत आणि ओठांवर पीस ठेवून ते हलते का पाहत. हलले की जीव आहे असे धरून घाईने स्नानसंस्कार होई आणि मुलाला पवित्र भूमीत जागा मिळे. उत्खननात तिथे सुमारे २५० तान्ह्या मुलांचे सांगाडे सापडले.

प्रतिष्ठेच्या बाबतीत मात्र कॅथलिक फ्रान्सही मागे नव्हता. चौदावा लुई ५ सप्टेंबर १६३८ला जन्मला आणि त्याच दिवशी त्याच्यावर पाणी घातले गेले. उरलेला समारंभ झाला २१ एप्रिल १६४३ला, कार्डिनल माझारँ यांना धर्मपिता करून. साडेचार वर्षे थांबण्याला प्रकृतीचे कारण कोण मानेल? सरदार घराण्यांनीही राजाचा कित्ता गिरवला, आणि बिशपांची परवानगी घेण्याची अट त्यांना विशेष आड आली नाही.

नवी पाटी :

माझ्यापुढे एक व्यावहारिक अडचण आहे. एका स्नेह्यांचे पणजोबा मुंबई इलाख्यात गोऱ्या पलटणीत होते. त्या घराण्याच्या एका मुलाची फक्त ‘प्रायव्हेट’ अशी नोंद मिळाली आहे, मंडळीत स्वीकारल्याची तारीख कुठेच नाही. मूल वारले असे धरावे का?

दप्तरवाचक :

लगेच तसे धरू नका. आधी त्याच ठाण्याच्या दफननोंदी पुढच्या वर्षभरापर्यंत पाहा. घाईचा बाप्तिस्मा झालेले मूल गेले असेल तर बहुतेक वेळा काही दिवसांतच त्याचे नाव तिथे सापडते. तिथे ते नसेल, तर मूल जगले पण आईबापांनी चर्चमध्ये नेण्याचे मनावर घेतले नाही, ही शक्यता इंग्लंडमध्येसुद्धा मोठी आहे, कारण बाप्तिस्मा पक्का झालेला असल्यामुळे पुढच्या विधीची निकड वाटत नसे. पलटणीची बदली हे तिसरे कारण. तसे असेल तर दुसरी नोंद वेगळ्याच छावणीच्या चर्चमध्ये असू शकते.

आणि इलाख्यातल्या नोंदींना एक कारण जास्तीचे जोडावे लागते. चॅप्लेन, म्हणजे छावण्यांसाठी नेमलेले पाळक, मोजके होते आणि ठाणी विखुरलेली. जिथे चॅप्लेन नसे तिथे लष्करी किंवा मुलकी अधिकारीच पुस्तक हातात घेऊन बाप्तिस्म्याचे आणि दफनाचे विधी वाचत, आणि चॅप्लेन फेरीवर आला की राहिलेले पुरे करत. तेव्हा नोंदीत विधी कोणी केला त्याचे नाव आणि हुद्दा पाहा. कॅप्टन किंवा कलेक्टर असेल तर मूल आजारी होते असे समजण्याचे काहीच कारण नाही. मुंबई इलाख्याच्या चर्चनोंदींच्या लंडनला पाठवलेल्या प्रती ब्रिटिश लायब्ररीत आहेत, त्यांत आजूबाजूची चार पाने वाचलीत तर त्या आठवड्यात त्याच अधिकाऱ्याने आणखी कोणाचे बाप्तिस्मे केले होते हेही दिसेल. एकाच दिवशी तीन-चार मुले असतील तर निकाल तिथेच लागतो.